शुगर कधीपासून आहे?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘भाकीत’. पाऊस, निवडणुका, शेअर बाजार हे सगळं इतरांनी आधीच उचललं होतं. माझ्या वाट्याला उरलं ते असं: वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन केलं, तर कोणाचा मधुमेह जाईल आणि कोणाचा राहील, हे आधी सांगता येतं का? डॉक्टरांनी त्यासाठी गुणपत्रकं तयार केली आहेत, संगणकी गणितं बसवली आहेत. ती बघायला पुण्या-मुंबईच्या एखाद्या चकचकीत रुग्णालयात जाण्याऐवजी मी दारव्ह्याला जातो म्हटलं, तर संपादक जरा बुचकळ्यात पडले. यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस, कर्ज आणि आत्महत्या. तिथे लठ्ठपणा कुठून काढणार?

काढावा लागत नाही. बाजार समितीच्या आवारात अडत्यांच्या गाद्यांवर बघा, शाळेच्या स्टाफरूममध्ये बघा, तहसीलच्या बाबूंकडे बघा. शेतातही निंदणाची जागा तणनाशकानं आणि बैलबंडीची जागा मोटरसायकलनं घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पोटाचा घेर वाढायला शहराचीच हवा लागते असं काही नाही.

उपाशीपोटी आणि खाऊन

सकाळी आठच्या सुमाराला दारव्ह्यातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर बसलं की तालुक्याची प्रकृती समजते. खेड्यांवरून पहिल्या एसटीनं आलेली माणसं उपाशीपोटी रक्त देतात, मग समोरच्या टपरीवर तर्री-पोहे नाहीतर आलुबोंडा खाऊन दोन तासांनी दुसऱ्यांदा हात पुढे करतात. ‘खाऊनची’ शुगर मोजायची असते, तर खायला नको का! डॉक्टरांनी रोजचं जेवण जेवून या असं सांगितलेलं असतं. पण रोजचं जेवण घरी, आणि घर वीस किलोमीटरवर.

रिपोर्ट हातात पडला की आकडा मोठ्यानं वाचला जातो. लपवाछपवी नाही. शेजारचा आपला आकडा सांगतो, तिसरा कारल्याच्या रसाचं नाव काढतो. आणि मग कोणीतरी तो प्रश्न विचारतो, जो पुढे या लेखभर आपल्या मागे येणार आहे: “काकाजी, कधीपासून हाय शुगर?”

याचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या प्रसंगाला बांधलेलं असतं. “मोतीबिंदूच्या वेळेस निंघाली.” “पायाची जखम बसेना, तवा तपासलं.” “पोरीच्या लग्नाच्या साली.” म्हणजे शुगर सुरू कधी झाली ते कोणालाच माहीत नाही, ती सापडली कधी एवढंच माहीत आहे. या दोन तारखांमध्ये पाच वर्षं असतील, कदाचित दहाही असतील. बाकावर बसलेल्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. भाकीत करणाऱ्या डॉक्टरला मात्र फार पडतो.

वजन उतरायच्या आधीच

ऑपरेशनचा आणि मधुमेहाचा संबंध काय, ते आधी पाहू. आज आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. एकात जठराचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग स्टेपलरनं कापून काढतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात; त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी राखून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न जठराचा उरलेला भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून पुढे जातं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात बायपासची सुरुवात केली, तेव्हा हेतू फक्त वजनाचा होता.

मधुमेहाचं लक्षात आलं ते नंतर. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथले सर्जन वॉल्टर पोरीस यांच्या रुग्णांची शुगर ऑपरेशननंतर काही दिवसांतच उतरू लागली, वजन म्हणावं तसं उतरायच्या आतच. १९९५ साली त्यांनी १४६ मधुमेही रुग्णांचा हिशेब मांडला, त्यातल्या १२१ जणांची शुगर सामान्य पातळीवर टिकली होती. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘कोणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचा प्रश्न आहे. सर्जन मंडळी इतकी मोकळेपणानं चकित झालेली एरवी दिसत नाहीत.

कारण आता बऱ्यापैकी कळलं आहे. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचलं की जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जोरानं पाझरतात आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतात. पण सांगून उपयोग कधी? स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जिवंत असतील तर. मधुमेह जितका जुना, तितक्या त्या पेशी थकलेल्या. भाकिताचं सगळं शास्त्र या एका खुंटीला टांगलेलं आहे: थेट न पाहता, त्या पेशी किती उरल्या असतील याचा अंदाज बांधायचा.

विदर्भाला हा विषय अगदी परका नाही. नागपूरचे नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष असताना, २०११ साली, त्यांनी हे ऑपरेशन करून घेतलं आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे बोललेही. पुढाऱ्याच्या निमित्तानं का होईना, आजाराची चर्चा चव्हाट्यावर आली.

नऊ गुण की सहा

आता गुणपत्रक. पेनसिल्व्हेनियातल्या गायसिंगर रुग्णालयाच्या संशोधकांनी बायपास झालेल्या ६९० मधुमेहींच्या नोंदी तपासून २०१४ साली ‘डायरेम’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. प्रश्न चारच: वय किती, तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीएवनसी किती, मेटफॉर्मिनखेरीज मधुमेहाच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत का, आणि इन्सुलिन चालू आहे का. बेरीज शून्य ते २२. इथे गुण जितके कमी तितकं चांगलं.

समजा, दारव्ह्याचा एक अडत्या. वय ५२, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ९५ किलो. एचबीएवनसी ८.४. खिशात औषधांच्या पाकिटाची प्लास्टिकची पिशवी. ती पिशवी उघडून पाहण्यासारखी असते: एका बाजूनं कात्रीनं कापलेली स्ट्रिप, उरलेल्या गोळ्या चार, औषधाचं नाव कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेलं, आणि मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेननं दुकानदाराच्या अक्षरात ‘सकाळी १’. दुसऱ्या स्ट्रिपवर नाव शाबूत आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, एकाच गोळीत दोन्ही. ही जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. स्वस्त आहे, शुगर पटकन उतरवते, पेशंट खूश.

आता या माणसाचे गुण लावू. वयाचे २, एचबीएवनसीचे ४, ग्लिमेपिराइडचे ३, इन्सुलिन नाही म्हणून शून्य. एकूण ९. या गटातल्या लोकांचा मधुमेह माघारी जाण्याची शक्यता मूळ अभ्यासात २३ ते ४९ टक्के निघाली होती. म्हणजे निम्म्याहून कमीच.

पण हाच माणूस, हीच शुगर, फक्त त्याच्या डॉक्टरनं नुसती मेटफॉर्मिन लिहिलेली असती तर? मग बेरीज ६. तीन ते सात गुणांच्या गटात हीच शक्यता ६४ ते ८८ टक्के आहे. स्वादुपिंड तेच, माणूस तोच. चिठ्ठी बदलली आणि भाकीत उलटलं. पेनसिल्व्हेनियात दुसरी गोळी साधारणपणे तेव्हा दिली जाते जेव्हा पहिली पुरेनाशी होते, म्हणून तिथे ती गोळी रोग मुरल्याची खूण ठरते. आपल्याकडे ती पहिल्याच दिवशी दिलेली असू शकते. मग ती खूण रोगाची नव्हे, डॉक्टरच्या सवयीची.

इन्सुलिनचं याच्या उलट. डायरेममध्ये इन्सुलिनला एकदम १० गुण आहेत, सगळ्यांत जड. आमच्या अडत्याला ते चालू असतं तर बेरीज १९ झाली असती आणि शक्यता २ ते १६ टक्क्यांवर आली असती. पण दारव्ह्यात, किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी, डॉक्टरनं इन्सुलिनचं नाव काढलं की पेशंट दवाखाना बदलतो. “सुई लागली म्हणजे संपलं,” असं लोक म्हणतात. ज्याला चार वर्षांपूर्वीच इन्सुलिन लागायला हवं होतं तो गोळ्यांवरच रेटतो आहे. कागदावर त्याचे गुण छान दिसतात. आत पेशी केव्हाच दमलेल्या.

म्हणून मला तैवानचे सर्जन वे-जेई ली यांची पद्धत आपल्या जास्त जवळची वाटते. त्यांनी गोळ्या विचारात घेतल्याच नाहीत. वय, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, रक्तातलं सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षं, असे चार रकाने. दहापैकी जितके जास्त गुण तितकं चांगलं. सी-पेप्टाइड म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन बनवताना सोबत सोडतं तो तुकडा. तो मोजला की कारखाना अजून किती चालतो त्याचा थेट पुरावा मिळतो. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त घेऊन नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो, एवढंच. पण चौथ्या रकान्यात पुन्हा तोच प्रश्न उभा: कधीपासून आहे?

पुण्याचं बाळ, साउदम्प्टनचं बाळ

बीएमआयच्या रकान्यातही एक गोम आहे. तैवानच्या गणितात बीएमआय जास्त असेल तर गुण जास्त. वरवर विचित्र वाटतं, पण तर्क सरळ आहे: ज्याचा मधुमेह निव्वळ वजनामुळे झाला, त्याचं वजन उतरलं की मधुमेह उतरतो. बेताच्या वजनावरही ज्याला मधुमेह झाला, त्याच्या पेशीच मुळात कमकुवत असण्याची शक्यता मोठी.

आणि हा दुसरा माणूस म्हणजे आपण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभर दाखवून दिलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं साडेतीन किलोचं. पुण्याच्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार.

लठ्ठपणावरच्या दोन सर्जन-संघटनांनी २०२२ साली नियम बदलले त्यामागे असल्या अभ्यासांचं वजन आहे. आशियाई लोकांमध्ये २७.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार व्हावा, असं त्यांनी म्हटलं. भारतीय सर्जन मधुमेह असेल तर एरवी ३२.५ ची रेघ धरत आले आहेत. आमच्या अडत्याचा बीएमआय ३४.९. वैद्यकाच्या दोन्ही रेघांच्या तो पुढे आहे. पण विमा कंपनीची रेघ वेगळी: ४०, किंवा ताब्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असेल तर ३५. त्याचं वजन ९५.३ किलो असतं तर तो दावा तरी करू शकला असता. तीनशे ग्रॅम कमी पडले.

घटमांडणी

बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यं, मातीची चार ढेकळं, घागर, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य सरकलं, कुठलं ढेकूळ विरघळलं ते पाहून पाऊसपाण्याचं सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही हे अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी सांगतात, आणि विदर्भातले शेतकरी दरवर्षी ते भाकीत वाचतात. कारण सोपं आहे: पेरायचं तर आहेच, कोणीतरी काहीतरी सांगितलेलं बरं.

डॉक्टरांच्या घटात मात्र मागच्या वर्षांचा हिशेब ठेवलेला असतो, आणि चूक किती झाली तेही छापतात. फ्रान्समधल्या लील शहराच्या पुढाकारानं झालेला ‘सोफिया’ अभ्यास २०२३ साली आला. दहा देशांतल्या १२ केंद्रांमधले १०,२३१ रुग्ण. संगणकाला शेकडो गोष्टी खाऊ घातल्या, त्यानं सातच ठेवल्या: उंची, वजन, ऑपरेशनचा प्रकार, वय, मधुमेह आहे का, असेल तर किती वर्षं, आणि धूम्रपान. एवढ्यावर पाच वर्षांनंतरचं वजन सांगायचं. चूक साधारण २.८ बीएमआयची. आमच्या अडत्याच्या उंचीला ती साडेसात किलोची होते. मानसशास्त्र, शिक्षण, उत्पन्न या गोष्टी टिकणाऱ्या सातांत नाहीत, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. नंतर वाटलं, जिथे हा अभ्यास झाला तिथे तपासणीला परत यायला अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी जात नसेल.

आणखी एक प्रश्न भाकितात दडलेला असतो: कधीपर्यंत? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही मोकळे होते. दहा वर्षांनी ३६ टक्के. अर्ध्यांचा परत आला. मधल्या वर्षांत डोळे आणि मूत्रपिंडं वाचली, त्याचा फायदा खराच आहे. पण जाहिरातीत दोन वर्षांचा आकडा असतो, दहाचा नाही.

छप्पन्न क्विंटल

खर्च. खाजगीत तीन लाख धरून चालू. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे छप्पन्न क्विंटल, तेही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहूत एकरी सात क्विंटल पिकलं असं मानलं, तर आठ एकरांचं सगळंच्या सगळं सोयाबीन. बियाणं, खत, मजुरी काही वजा न करता.

पण पैशाहून अवघड गोष्ट नंतरची. नागपूर दारव्ह्याहून यवतमाळमार्गे दोनशे किलोमीटरच्या आसपास. शकुंतला रेल्वे बंद पडून इतिहासजमा झाली, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग पूर्ण व्हायचा आहे, तोवर एसटी. ऑपरेशन एकदाच होतं, तपासणी जन्मभराची. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: वरणाचं पाणी, ताक, तेही घोट-घोट. मग दाटसर, मग मऊ. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि पोट तर वाटीभराचं. सोयाबीनची पोती दारात रचलेल्या घरात शहरातून आणलेला प्रोटीन पावडरचा डबा, हे दृश्य मला जरा लागलं.

बी-१२ चं प्रकरण तर खास आपलं. बायपासनंतर ते नीट शोषलं जात नाही. मेटफॉर्मिननंही ते कमी होतं. आणि माणूस माळकरी असेल तर अंडं-मटण आधीपासूनच वर्ज्य. तळपायाला मुंग्या येतात, आणि घरचे म्हणतात शुगरनं येतात. शुगर उतरलेली असते. मुंग्या बी-१२ च्या असतात. इंजेक्शन स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, पण ते घ्यायचं आहे हे कोणाला तरी आठवावं लागतं. त्यात लग्नसराई. पंगतीत बसलेल्या माणसानं दोन घासांत हात आखडला की यजमानाला तो अपमान वाटतो. “काहून, आवडलं नाही का?” डायरेममध्ये आग्रहाला गुण नाहीत.

२०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही वजनाची इंजेक्शनं भारतात आल्यापासून, ऑपरेशनशिवाय भागेल का, असा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवरही येऊ लागला आहे. ती औषधं त्याच जीएलपी-१ च्या वाटेनं जातात. सुई आठवड्याची आहे, इन्सुलिनची नाही, म्हणून तिची धास्तीही वाटत नाही! पण ती थांबवली की बरंचसं वजन परत येतं, आणि थकलेल्या पेशींपुढे तिचंही फारसं चालत नाही.

आशाताईचा टेप

दारव्ह्याच्या खेड्यांत पोचणारं भाकिताचं गुणपत्रक एकच आहे, आणि ते सर्जनचं नाही. आशाताई तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात; सी-बॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू-सिगारेट, रोजची दारू, कमरेचा घेर, आठवड्याचा व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. चारच्या वर गुण गेले की तपासणीला पाठवायचं. घर दाखवावं, पाणी प्यायला द्यावं, तशा सहजतेनं बायका उत्तरं देतात. अडतं ते टेपपाशी. कमरेला निऱ्यांची जाडी, वर पदराची, त्याच्यावरून टेप. बाईला ८० सेंटिमीटरची मर्यादा, आणि त्यातले दोन-चार तर नुसते कापडाचे. व्यायामाच्या प्रश्नाला हशा पिकतो. “वावरात जातो, तो कोणता व्यायाम लिहता बाप्पा?”

फॉर्म ढोबळ आहे, हे मान्य. पण त्याच्यावर तारीख असते. आज ज्या बाईचे चारच्या वर गुण आले, ती सरकारी दवाखान्यात गेली, बोट टोचलं आणि शुगर निघाली, तर ती सुरुवातीच्याच दिवसांत निघण्याची शक्यता मोठी. मोतीबिंदूपर्यंत थांबावं लागत नाही. न निघाली, तर अमुक साली शुगर नव्हती याचा लेखी पुरावा राहतो. सर्जन, तैवानचं गणित आणि लीलचा संगणक यांना जे हवं असतं ते नेमकं हेच.

ती तारीख सध्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये आणि ताईच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये राहते. नागपूरला जाताना पेशंटबरोबर जाते ती कापलेल्या स्ट्रिपांची पिशवी. तिथे टेबलापलीकडून विचारतात, शुगर कधीपासून आहे, आणि पेशंट बायकोकडे बघतो. ती म्हणते, पोरीच्या लग्नाच्या साली निंघाली. लिहून घेणारा हिशेब करतो आणि रकान्यात ‘६ वर्षे’ असं टाकतो.